फोन चोराचा, हप्ता आपला

हप्त्यावर घेतलेला फोन चोरीला गेला की घरात पहिला प्रश्न येतो, 'अजून किती हप्ते राहिलेत?' फोन सापडेल का, हे नंतर. सात-आठ राहिलेत असं कळलं की आई कपाळाला हात लावते आणि बाप चोराला सोडून पोरालाच झापायला लागतो. शेजाऱ्याच्या फोनवरून फायनान्स कंपनीच्या कस्टमर केअरला विचारावं, तर पलीकडची मुलगी अगदी गोड आवाजात सांगते की झालेल्या गैरसोयीबद्दल खेद आहे, पण पाच तारखेला खात्यात शिल्लक ठेवा. तिचं काही चुकत नाही. करारात तसंच लिहिलेलं असतं: वस्तू हरवो, फुटो की चोरीला जावो, परतफेडीची जबाबदारी कर्जदाराची.

या कलमात बेकायदा काहीच नाही. कर्ज पैशाचं घेतलं, पैसे परत करा. फोनचं काय झालं ते देणाऱ्याने का बघावं? वकील मंडळी विषय इथेच मिटवतात. मला तो इतक्या सहज मिटतो असं वाटत नाही. मोबाइलच्या हप्तेकर्जात दुकानदाराची विक्री, कंपनीचं व्याज, विमा विकणाऱ्याचा हप्ता, सगळ्यांचं पहिल्या दिवशीच ठरून जातं. चोरीची जोखीम मात्र अख्खी अशा माणसाच्या गळ्यात पडते ज्याला ती सगळ्यांत कमी झेपते. कर्ज देणाऱ्याने या जोखमीतला वाटा उचललाच पाहिजे आणि रिझर्व्ह बँकेने तसा नियम करायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुखणं फक्त आपल्याकडचं नाही. ब्रिटनमध्ये फोन आणि सिम एकत्र, चोवीस महिन्यांच्या करारावर घ्यायची पद्धत आहे. फोन चोरीला गेला तरी महिन्याचं बिल थांबत नाही, तिथेही लोक याच कारणाने चरफडतात. पण २०१५ साली तिथल्या सरकारने बड्या मोबाइल कंपन्यांकडून एवढं तरी कबूल करून घेतलं, की चोरीची खबर २४ तासांत दिली तर चोराने केलेल्या कॉलचा भुर्दंड ग्राहकावर १०० पौंडांपलीकडे जाणार नाही. आपल्याकडे मोबाइल कंपनी ग्राहकाला असं बांधत नाही. जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते आणि बहुतेकांचं सिम प्रीपेडच असतं. आपल्याला बांधते ती फायनान्स कंपनी, आणि तिची गाठ जास्त घट्ट असते.

ही गाठ कशी बसते ते पाहायचं असेल तर दसरा-दिवाळीच्या सुमाराला नाशिकच्या एम. जी. रोडवरच्या कुठल्याही मोबाइलच्या दुकानात अर्धा तास उभं राहावं. काउंटरच्या कोपऱ्यात 'फायनान्सवाला पोरगा' बसलेला असतो. पगार त्याला कंपनीचा, बूड दुकानात. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. समोर अंबडच्या नाहीतर सातपूरच्या कारखान्यात कंत्राटदाराकडे लागलेला, मिसरूड फुटलेला मुलगा. फोन अठरा हजारांचा, खिशात तीन हजार. "आधार द्या. पॅन आहे ना? इकडे बघा, डोळे मिचकवा." सेल्फी निघतो. "ओटीपी आला असेल, बोला." तो बोलतो. पुन्हा ओटीपी येतो, तोही बोलतो. हा दुसरा कशाचा, हे विचारायचं त्याला सुचत नाही. बऱ्याचदा तो खात्यातून दरमहा परस्पर पैसे कापायच्या मँडेटचा असतो. टॅबवर बोटाने सही होते, मित्र खांद्यावरून डोकावत असतात, कव्हर आणि स्क्रीनगार्ड 'आपल्याकडून फ्री' मिळतं, आणि बिलात कुठेतरी 'प्रोटेक्शन प्लॅन' नावाची एक ओळ गपचूप येऊन बसते.

'झीरो इंटरेस्ट' हा शब्द मात्र दुकानाच्या काचेवर मोठ्या अक्षरांत असतो. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, असं खुद्द रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावलं होतं; ते व्याज प्रोसेसिंग फीमध्ये किंवा न मिळालेल्या सवलतीत लपलेलं असतं. ऑक्टोबर २०२४ पासून तर प्रत्येक किरकोळ कर्जाबरोबर, सगळे आकार धरून वर्षाला किती टक्के पडले हे सांगणारं विवरणपत्र, कर्जदाराला समजेल अशा भाषेत देणं सक्तीचं आहे. ते दिलंही जातं. कुठे? मोबाइलवर, लिंकने. करार मोबाइलवर, बिल मोबाइलवर, कर्ज खात्याचा नंबर मोबाइलवर. चोर फोन नेतो तेव्हा ही सगळी फाइलही त्याच्याबरोबर जाते.

फोन जायला नाशिकमध्ये जागांची कमी नाही. ठक्कर बाजारच्या गर्दीत, बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात पिशवी सांभाळताना, नाशिकरोडला पंचवटी एक्सप्रेस पकडायच्या धांदलीत, किंवा रस्त्याने बोलत चालताना मागून आलेल्या दुचाकीवाल्याच्या एका हिसक्याने. मग माणूस पोलीस ठाण्यात जातो आणि इथे कळीचा प्रसंग घडतो. ठाणे अंमलदार विचारतो, "चोरीला गेला की पडला? चोर बघितला का? नाही ना? मग गहाळ लिहा, दहा मिनिटांत दाखला देतो." त्याच्या टेबलावर आणखी चारजण ओळीत असतात, त्याला नवा गुन्हा वाढवायचा नसतो आणि आपल्यालाही कामावर पळायचं असतं. आपण 'गहाळ' लिहून देतो.

तो कागद सिमसाठी चालतो, फोन बंद करायलाही चालतो. विम्यासाठी चालत नाही. एका सहीने चोरीची घटना आपल्या निष्काळजीपणात बदलते आणि नंतर ती परत फिरवता येत नाही. कायदा खरं तर आपल्या बाजूने आहे. दखलपात्र, म्हणजे पोलीस न्यायालयाच्या परवानगीविना तपासू शकतात अशा, गुन्ह्याची खबर मिळाल्यावर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द न बघता, अगदी इलेक्ट्रॉनिक मार्गानेही खबर देता येते; तीन दिवसांत जाऊन सही केली म्हणजे झालं. नव्या न्याय संहितेत हिसकावून नेणं हा कलम ३०४ खाली वेगळा गुन्हाच झाला आहे. पाच हजारांहून कमी किमतीची चोरी मात्र नव्या संहितेने अदखलपात्र करून टाकली, त्यामुळे जुना, घासलेला फोन वापरणाऱ्या मोलकरणीची तक्रार अधिकच पातळ झाली. हप्त्यावरचे फोन सहसा त्या रेषेच्या वर असतात. म्हणजे एफआयआर मिळायलाच हवा.

फोन बंद करण्याची सरकारी सोय चांगली आहे आणि हे मी मनापासून म्हणतो. सीईआयआर ही चोरीच्या आणि हरवलेल्या फोनची नोंदवही सप्टेंबर २०१९ मध्ये प्रायोगिक म्हणून महाराष्ट्रातूनच सुरू झाली आणि मे २०२३ मध्ये संचार साथी पोर्टलवरून देशभर गेली. फोनचा पंधरा आकडी आयएमईआय नंबर, पोलिसांच्या कागदाची प्रत आणि ओळखपत्र दिलं की तो फोन देशातल्या कुठल्याही नेटवर्कवर चालेनासा होतो. कोणी त्यात सिम घातलं तर माग लागतो. पोलीस अधूनमधून सापडलेले फोन मालकांना परत देण्याचा कार्यक्रम करतात, ओळीने उभ्या लोकांचे फोटो पेपरात येतात, ते याच यंत्रणेचं फळ. आयएमईआय खोक्यावर छापलेला असतो, पण खोका घरात कोण ठेवतो? ठेवायला हवा. बिलावरही असतो, आणि बिल कुठे होतं ते वर आलंच आहे.

विम्याबद्दल थोडक्यात. त्या 'प्रोटेक्शन प्लॅन'च्या बारीक अक्षरांत नेहमीची वाक्यं असतात: जबरदस्ती किंवा कुलूपतोडीच्या खुणा असलेली चोरीच ग्राह्य, खिसेकापूने मारलेला किंवा नकळत गेलेला फोन वगळून, खबर अमुक तासांत, घसारा वजा. चाकूने पिशवी फाडली तर पैसे, अलगद काढला तर नाही. चोर कसबी निघाला म्हणून ग्राहकाचं नुकसान! यावर विम्याच्या लोकांशी वाद घालण्यात मी पूर्वी बराच वेळ घालवला आहे. ते सांगतात की साधी चोरी धरली तर खोटे दावे वाढतील. त्या मुद्द्याकडे मी येतोच.

आधी दुचाकीकडे बघू. तोच कामगार तीच कंपनी गाठून बाइकसाठी कर्ज घेतो तेव्हा काय होतं? आरसीवर कर्ज देणाऱ्याचा बोजा चढतो. गाडीचा पूर्ण विमा काढल्याशिवाय कंपनी कर्ज सोडत नाही आणि पॉलिसीवरही कंपनीचं नाव असतं. गाडी चोरीला गेली तर विम्याचे पैसे आधी कर्जाला जातात, उरले तर मालकाला. गाडी उभी होती तिथून अलगद गेली की कुलूप तोडून, हे कोणी विचारत नाही. खबर द्यायला उशीर झाला म्हणून विमा कंपन्या दावे फेटाळत, तेही जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आवरलं: पोलिसांकडे वेळेत गुन्हा नोंदवला असेल तर निव्वळ कंपनीला उशिरा कळवल्याच्या कारणावरून खरा दावा नाकारता येणार नाही. म्हणजे कर्जाच्या वस्तूवरची चोरीची जोखीम कशी वाटायची हे या धंद्याला पक्कं ठाऊक आहे. फोनच्या बाबतीत ती पद्धत का वापरत नाहीत? कारण वापरायची सक्ती नाही. फोन बुडाला तरी कंपनीचे पैसे मँडेटने वसूल होतातच.

आणि वसुलीचे दात चांगले अणकुचीदार आहेत. मँडेट परत गेलं की बँक एक दंड लावते, फायनान्स कंपनी दुसरा. पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ च्या कलम २५ खाली खात्यात पैसे नसल्याने मँडेट परत जाणं हा गुन्हा ठरू शकतो, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. जानेवारी २०२५ पासून कर्ज देणाऱ्यांना पत माहिती कंपन्यांकडे निदान दर पंधरवड्याला माहिती पाठवावी लागते, त्यामुळे चुकलेला हप्ता लगेच 'सिबिल'ला दिसू लागतो. म्हणून कोणी रागाच्या भरात 'फोनच नाही तर हप्ता कशाचा' म्हणून खातं रिकामं करत असेल, तर त्याला मी हात जोडून थांबवीन. अठरा हजारांच्या फोनपायी उद्याचं घरकर्ज अडकतं.

खरी गंमत पुढे आहे. हप्ता थकला तर फोन लांबूनच लॉक करायचा, अशी सोय काही कर्ज देणारे फोनमध्ये एक अॅप बसवून करून घेत होते. रिझर्व्ह बँकेने त्यांना २०२४ मध्ये हे थांबवायला सांगितल्याच्या बातम्या आल्या. वर्षभरात वारं फिरलं. कर्जदाराची आधी संमती घेऊन असं लॉक करू द्यावं का, यावर विचार चालू असल्याचं २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बाहेर आलं आणि गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनीही दोन्ही बाजू तपासत असल्याचं सांगितलं. संमती कशी घेतात ते एम. जी. रोडवर आपण पाहिलंच: "ओटीपी आला असेल, बोला."

इथे वकिलांच्या त्या पहिल्या मुद्द्याकडे परत यावं लागतं. कर्ज पैशाचं आहे, फोनशी आमचा संबंध नाही, असं कंपनी चोरीच्या दिवशी म्हणते. हप्ता थकल्याच्या दिवशी मात्र फोन जणू तिचाच. दोन्ही डगरींवर पाय ठेवून असं चालायचं नाही. फोनवर हक्क सांगायचा असेल तर फोनच्या जोखमीतही उतरा. आणि लांबून फोन निकामी करण्याची हातोटी तुमच्याकडे आहेच, तर फोन चोरीला गेल्याचा फोन आल्याबरोबर पाच मिनिटांत तीच कळ का दाबत नाही? तोवर चोर यूपीआय उघडायच्या खटपटीत असतो.

आता नियम काय असावा, हे गोल गोल न बोलता सांगतो. हप्त्यावर फोन दिला की चोरीचा विमा कर्जातच धरलेला असावा, पहिला हक्क कर्ज देणाऱ्याचा, 'जबरदस्ती'ची अट नसावी, आणि त्याची किंमत त्या विवरणपत्रात वेगळी दिसावी, बिलाच्या कोपऱ्यात नव्हे. पुरावा म्हणून चोरीची पोलीस तक्रार आणि सीईआयआरवर फोन बंद झाल्याची नोंद, एवढं पुरावं. दावा निकाली निघेपर्यंत हप्ता भरता आला नाही तर दंड नको आणि पत माहितीत डाग नको. हप्ता माफ करा असं मी म्हणत नाही. विमा मिळेपर्यंत श्वास घ्यायला जागा द्या, इतकंच.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला, हप्ता महागेल. थोडा महागेल, हे मान्य करायला हवं. पण आज जोखीम फुकट नाही, फक्त ती ज्याच्यावर पडते तो एकटाच मोजतो. शंभर जणांनी थोडं-थोडं देणं आणि एकाने पंधरा हजार गमावणं, यात विमा नावाची कल्पना कशासाठी निघाली ते स्पष्ट आहे. दुसरा आक्षेप वजनदार: लोक फोन विकतील आणि चोरी झाली म्हणतील. म्हणतील काही जण, नाशिककर काही देवमाणसं नाहीत. पण दाव्यासाठी फोन सीईआयआरवर बंद करणं सक्तीचं असेल तर विकलेला फोन घेणाऱ्याच्या हातात त्याच आठवड्यात मेलेला असेल आणि घेणारा विकणाऱ्याच्या दारात. शिवाय जुना फोन घेताना आयएमईआय काळ्या यादीत आहे का हे १४४२२ वर 'केवायएम' आणि नंबर एसएमएस करून बघता येतं. सुटे भाग काढून विकणारे आणि फोन सीमेपार धाडणारे उरतात, हे खरं. पण ते धंदे टोळ्यांचे आहेत, अंबडच्या त्या पोराचे नाहीत. टोळ्यांच्या भीतीने प्रत्येक गिऱ्हाइकाला चोर धरून करार लिहायचा, हा विमा कंपन्यांचा आळस आहे.

जोखीम ग्राहकाकडून उचलून संस्थेवर टाकणं रिझर्व्ह बँकेला नवीन नाही. जुलै २०१७ च्या परिपत्रकाने तिने ठरवून दिलं की तिसऱ्याच कोणाच्या कारवाईने खात्यातून पैसे गेले आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर त्याची जबाबदारी शून्य. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायचं ते बँकेने. त्यामुळे बँका काही बुडाल्या नाहीत. उलट व्यवहार सुरक्षित करण्यात त्यांचं स्वतःचं हित तयार झालं. ज्याच्या खिशाला झळ लागते तोच उपाय शोधतो.

हे सगळं न्यायालयावर सोपवता येणार नाही का? कागदावर येतं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'अनुचित करार' ही नवी तरतूद आली. पण करार अनुचित असल्याची तक्रार जिल्हा आयोगापुढे चालत नाही, राज्य आयोगाकडे न्यावी लागते. अठरा हजारांच्या फोनसाठी शिफ्ट बुडवून आणि वकील करून राज्य आयोगाकडे कोण जाणार? कंपन्यांना हे आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे. म्हणून नियम वरूनच यायला हवा.

नाशिकमध्ये मात्र दिल्ली-मुंबईची वाट न बघता एक काम होऊ शकतं. २०२७ चा सिंहस्थ आहे. २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर या अमृतस्नानाच्या दिवशी रामकुंडाभोवती जी गर्दी होईल तिच्यात किती फोन जातील याची कल्पना पोलिसांना आपल्यापेक्षा चांगली आहे. हरवलेल्या माणसांसाठी भोंगे लावून केंद्रं असतात. त्यांच्या शेजारी फोनचोरीचं टेबल हवं: तक्रार 'गहाळ' न लिहिता चोरी म्हणून घेणारं, तिची प्रत तिथेच हातात देणारं आणि सीईआयआरचा अर्ज भरून देणारं. बाहेरगावचा माणूस सही करायला तीन दिवसांनी परत नाशिकला येणार नाही, तेव्हा सहीही तिथेच घ्यावी. स्नानाला आलेल्यांतही हप्ते फेडणारे असतीलच, आणि त्यांची पाच तारीख कुंभमेळ्यासाठी थांबणार नाही.